अक्षराला पाच पैसे

परवा दुपारी माझे पणजोबा त्यांच्या वडिलांच्या सहा वर्षं आधी जन्मले. बोट माझंच घसरलं. सातावर पडायचं ते चारावर पडलं. वंशावळीच्या सॉफ्टवेअरनं हूं की चूं न करता नोंद घेतली आणि पुढं तपासणीचं बटण दाबल्यावर तितक्याच थंडपणे कळवलं, की मुलाच्या जन्माच्या वेळी बापाचं वय उणे सहा. मी एकोणतीस वर्षं बँकेत काढली. उणे शिल्लक मला नवी नाही, पण उणे बाप पहिल्यांदाच पाहिला.

पुण्याला भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, आधी माऊसवरनं हात काढ." हल्ली आमच्या संभाषणाची सुरुवात याच वाक्यानं होते. मग ती तिकडून माझ्या स्क्रीनवर येते, बाण आपोआप फिरायला लागतो आणि मी हातांची घडी घालून, नवल बघायला बसल्यासारखा बघत बसतो.

हा उद्योग मागं लागला पुरामुळं. सांगलीत आमच्या गावभागात २००५ साली पाणी जिथवर आलं होतं, तिथं मी भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारून ठेवली होती. कागदपत्रांची ट्रंक त्या रेघेच्या हातभर वर, फळीवर. हिशेब चोख. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. रेघ, फळी, ट्रंक, सगळंच पाण्याखाली. ट्रंकेत आजोबांनी बोरूनं लिहिलेली वंशावळ होती. आठ दिवसांनी झाकण उघडलं तर आत थालीपिठाचं पीठ भिजवून विसरल्यासारखा लगदा, आणि वर शाईचा निळा डाग.

दादानं, म्हणजे थोरल्या चुलतभावानं, ती वंशावळ पूर्वीच कधीतरी कॉम्प्युटरात घातली होती. तेव्हा आम्ही त्याला हसलो होतो. रिटायर माणसाला काहीतरी नाद लागतोच, असं मीच म्हणालो होतो. आता मी रिटायर झालोय आणि त्या सबंध घराण्याचा एकुलता एक पुरावा म्हणजे दादानं मेलवर पाठवलेली गेडकॉम नावाची फाईल.

हे गेडकॉम म्हणजे अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चनं १९८४ साली काढलेली पद्धत. एका सॉफ्टवेअरातली वंशावळ दुसऱ्यात नेता यावी म्हणून. पूर्वजांच्या नावानं विधी करायचे तर आधी नावं सापडायला हवीत, त्यामुळं त्या मंडळींना वंशावळींचं भारी वेड. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून त्यांनी आत मायक्रोफिल्म जपून ठेवल्यात. आम्ही फळीवर ट्रंक ठेवली.

फाईल नोटपॅडमध्येही उघडते. ओळीच्या सुरुवातीला शून्य, एक, दोन असे आकडे, पुढं छोटासा संकेत, मग मजकूर. शून्याखाली एक, एकाखाली दोन. ही तर खतावणीच की! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. फक्त नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. चारशे बारा माणसं आणि एकाचंही नाव नाही. बाप प्रश्नचिन्ह, आई प्रश्नचिन्ह, पोटी पाच प्रश्नचिन्हं.

भाचीनं निदान केलं. दादाच्या जुन्या प्रोग्रामनं फाईल अशा साच्यात काढली होती, ज्यात देवनागरीला जागाच नाही. "नुसती रांगोळी दिसली असती ना मामा, तर अक्षरं परत काढता आली असती. प्रश्नचिन्ह आलं म्हणजे अक्षर गेलंच." दादाच्या मशीनवर मूळ होतं म्हणून निभावलं. देवनागरीला जागा असलेल्या साच्याचं यूटीएफ-एट हे नाव त्याला फोनवरून सांगण्यात एक संध्याकाळ गेली. मग फाईल नीट आली आणि मी ती उत्साहाच्या भरात दोनदा आत घेतली. आठशे चोवीस माणसं. उभ्या आयुष्यात आमच्या घराण्याची इतकी भरभराट झाली नव्हती.

आता जुळी झालेली माणसं एक करायची. ग्रॅम्प्स हे फुकटातलं सॉफ्टवेअर आम्ही वापरतो, त्यात दुबार माणसं शोधायची सोय आहे. पण आमच्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवायची चाल. गणपतीचा रामचंद्र, रामचंद्राचा गणपती, गणपतीचा पुन्हा रामचंद्र. सॉफ्टवेअर विचारतं, हे दोघं एकच असावेत, एकत्र करू का? आजीनं हा प्रश्न ऐकला असता तर ती ताबडतोब हो म्हणाली असती. तिच्या मते थोरला रामचंद्रच धाकट्याच्या रूपानं पोटी आला होता. कानाची पाळीसुद्धा तशीच.

तारखांचं तर विचारूच नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या घराण्याला एक जून दिलाय. त्याआधीच्यांना तारीखच नाही. तो मानमोडीच्या साथीत गेला, ही बाहत्तरच्या दुष्काळात झाली, ह्याचं लग्न कोयनेच्या भूकंपानंतरच्या पहिल्या तिथीला. मग मी सॉफ्टवेअरला सांगतो, साधारण १९१८. ते 'साधारण' बिनबोभाट मान्य करतं, ही त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बँकेत साधारण चालत नव्हतं.

या सगळ्यापेक्षा आमचा हेळवी बरा होता, असं कधी कधी वाटतं. सुगी आटपली, की तासगावकडच्या आमच्या गावी तो यायचा. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळेचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा, पाठीवर झूल, शिंगांना गोंडे. हेळवी सोप्यात घोंगड्यावर बसायचा, पाणी प्यायचा, आणि डोळे मिटून सुरू. मराठीच, पण कानडी हेल काढून. मूळ पुरुष कुठून आला, कुठल्या देवाचा, त्याला किती ल्योक, त्यातला कोण कुठल्या गावाला जाऊन राहिला. एकही नाव अडखळत नसे. मध्येच चुलत्यांनी "मधला एक चुकला" म्हटलं, तर डोळे न उघडता "तो निपुत्रिक" म्हणून पुढं जायचा. त्याला साच्याचा प्रश्न नाही, दुबार माणसांचा नाही. मग चोपडी काढून वर्षभरात झालेली नवी पोरं लिहून घ्यायचा आणि पायलीभर जोंधळे, जुनं धोतर घेऊन पुढच्या घरी.

एका वर्षी त्यानं माझं नाव लिहून घेतलं, तेव्हा ताई पलीकडं उभी होती. म्हणाली, "माझं?" हेळवी हसला आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ताईनं तो खाल्ला नाही, बैलाला घातला. ही भाची त्या ताईचीच.

तर भाचीचं एक वेड आहे: पुरावा. सॉफ्टवेअरात प्रत्येक नोंदीला आधार जोडायचा रकाना असतो आणि तो आधार कितपत पक्का, हेही निवडायचं असतं. मी लिहिलं, 'आत्या म्हणाली'. भाचीनं त्यापुढं 'अगदी कच्चा' निवडलं. ही आत्या नव्वदीला टेकलीय आणि आमच्याकडंच असते. तिला ते ऐकू गेलं. ती म्हणाली, "कच्चा व्हय? मग माळ्यावरची भांडी काढ की खाली. त्यावर सगळ्यांची नावं हाईत."

खरंच होतं. पुराचं पाणी माळ्याला लागलं नव्हतं, आणि लागलं असतं तरी तांब्याला काय होणार? माणसं उतरून घेताना माळ्यापर्यंत हात पोचले नाहीत, म्हणून ती अडगळ तशीच राहिली होती.

भांड्यांवर नावं घालणं हा आईचा आवडता कार्यक्रम. गणपती पेठेत भांडं घेतलं, की दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माणसाकडं जायचं. तो डब्याचं बूड गुडघ्यात धरायचा आणि छोट्या छिन्नीवर हातोडीनं टिक टिक टिक करत ठिपक्यांचं अक्षर उठवायचा. आधी सरळ दांडी, मग गोलाई, शेवटी वरची रेघ. कागदावर आपण वरच्या रेघेपासून बघतो, तो तिथं शेवटी पोचायचा. मी श्वास रोखून बघायचो, कारण चूक झाली तर खोडरबर नव्हतं. अक्षराला पाच पैसे. आई तिथं उभ्या उभ्या मजकूर छाटायची. 'सौ.' नको, घरात सगळ्या सौभाग्यवतीच आहेत. आडनावाचं एकच अक्षर. गावाचं नाव कशाला, भांडं काय गाव सोडून जाणार आहे? तारीख मात्र हवी. बारशाच्या वाटीवर माझं नाव तीन अक्षरी आहे, म्हणून मी पंधरा पैशांचा. ताई दहाची. तिला हे फार लागायचं. पुढं विजेचं यंत्र आलं, टर्र करून दोन मिनिटांत नाव, आणि अक्षरं सगळ्यांची सारखी झाली.

आठवडाभर मी मोबाईलचा टॉर्च मारून भांडी वाचतोय. चिंचेनं घासायची, आडवी धरायची, उजेड तिरका पाडायचा, मग ठिपके वर येतात. वंशावळीत बायकांची नावं नव्हतीच, बहुतेकींच्या जागी 'पत्नी' एवढंच होतं, ती इथं सापडली. पणजीचं माहेरचं नाव परातीच्या काठावर. सासरचं, वेगळंच, तांब्यावर. आजीच्या माहेरचं गाव एका ओघराळ्याच्या दांड्यावर, दांडा अरुंद म्हणून उभं लिहिलेलं. आजी ही आजोबांची मामेबहीण होती, तेही भांड्यांनीच सांगितलं. 'मामाकडून' आणि 'सासऱ्याकडून' एकाच नावाचे. सॉफ्टवेअरात त्या दोघांच्या रेघा वरती जाऊन पुन्हा एकत्र मिळाल्या, तेव्हा भाची म्हणाली, "हे कायदेशीर आहे ना?" तिला म्हटलं, सांगलीत राहा जरा.

आधाराच्या रकान्यात मी आता लिहितो: पितळी परात, माळा, उत्तर बाजू. भाची मुकाट 'पक्का' निवडते.

एक माणूस मात्र राहिला होता. आजोबांचा धाकटा भाऊ, कृष्णा. दादाच्या फाईलीत तो होता: कृष्णा, पुरुष, लग्न नाही, मूल नाही, मृत्यू माहीत नाही. शेरा: 'भूमिगत?' आमचं मूळ गाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळं घरातल्या ज्या माणसाचा पत्ता लागत नाही त्याला आम्ही नाना पाटलांच्या प्रतिसरकारात धाडतो. प्रत्येक घरातला एकेकजण त्रेचाळीस साली असा रानात गेलेला असतो. दादानं तर या कृष्णाकाकांवर पोरांना गोष्टी सांगितल्यात. पगाराची रेल्वेगाडी लुटताना ते आघाडीवर होते म्हणे. सबंध फाईलीत लिपीमुळं न आलेलं तेवढं एकच प्रश्नचिन्ह.

काल दुपारी तळाची घागर काढली. छोटी, पोरीला कडेवर घेता येईल एवढी. पोचे नाहीत, बुडाला काजळी नाही, आतनं जवळजवळ कोरी. गळ्याभोवती ओळ होती, मी फिरवत फिरवत वाचली. 'चि. कृष्णा हीस मामाकडून.' पूर्ण ओळ. त्या मामानं अक्षरांचा हिशेब केला नव्हता.

हीस!

मी ओरडूनच भाचीला फोन केला. ती लागलीच स्क्रीनवर आली, बाण कृष्णावर नेला, पुरुषच्या जागी स्त्री केलं. निळी चौकट गुलाबी झाली. दादाची सगळी लुटालूट एका टिचकीत गेली, आता त्याला कोण सांगणार यावर आम्ही बराच वेळ हसलो. "लग्नाचं काय टाकू मामा? सासर कुठलं?" भाचीनं विचारलं.

आत्या गव्हातले खडे निवडत होती. कृष्णा तिची आत्या लागत होती, पण तिनं तिला पाहिलेलं नव्हतं. मी घागर तिच्यापुढं ठेवली. "आत्या, कृष्णाला कुठं दिली होती?"

तिनं घागर उचलली नाही, नुसता गळ्यावरून अंगठा फिरवला.

"दिली असती," ती म्हणाली, "तर घागर हितं राहिली असती व्हय?"

तिकडून भाचीचा बाण रिकाम्या रकान्यावर थांबलेला दिसत होता. आत्यानं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.