ध्रुपद कोणाचे, उत्तर कोणाचे: लाइपझिगमधील एका सादरीकरणाची तयारी

लाइपझिगच्या थोमास चर्चमध्ये शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता होणाऱ्या सांगीतिक उपासनेला मोटेट म्हणतात, आणि सुट्ट्यांचे दिवस सोडले तर बहुतेक आठवड्यांत तेथे थोमास गायकवृंदातील मुले गातात. या वृंदाची स्थापना 1212 सालची आहे. योहान सेबास्टियान बाख 1723पासून 1750मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचा प्रमुख होता आणि आज त्याची समाधीही याच चर्चमध्ये आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मैफलीला जाते तशी गेले होते. कार्यक्रमपत्रिका घेतली, खांबाच्या आड जागा मिळाली आणि डोळे मिटून ऐकत बसले. शेवटाकडे मात्र आजूबाजूची सगळी माणसे उभी राहिली आणि पत्रिकेत छापलेले स्तोत्र ऑर्गनच्या साथीने गाऊ लागली. माझ्या शेजारच्या आजी पत्रिकेकडे पाहतही नव्हत्या. इतका वेळ जे मी ऐकत होते ते कार्यक्रम म्हणून ऐकले, ही माझी चूक त्या क्षणी माझ्या लक्षात आली.

या सत्रात लाइपझिग विद्यापीठातील आमच्या चर्चासत्रासाठी 'पवित्र संगीत आणि उपासना' हा विषय चौघांच्या गटाने मिळून सादर करायचा आहे. येथे अशा सादरीकरणाला रेफेराट म्हणतात. त्यासाठी चाळीस मिनिटे मिळतात, त्यानंतर चर्चा होते आणि वर्गाला एका पानाचे टिपण वाटावे लागते. आमच्या गटात एक जर्मन मैत्रीण आहे, जी लहानपणापासून आपल्या गावातील लुथेरन चर्चच्या गायकवृंदात गाते. एक ग्रीक मित्र आहे, ज्याचे वडील चर्चमध्ये स्तोत्रगायक आहेत. एक तुर्की मैत्रीण आहे आणि चौथी मी, सातारा जिल्ह्यातील एका टाळकऱ्याची नात.

पहिला आराखडा आम्ही अर्ध्या तासात तयार केला. चार परंपरा, प्रत्येकीला दहा मिनिटे, ज्याची परंपरा त्याने बोलायचे आणि शेवटी साम्यस्थळांची एक चौकट दाखवायची. प्राध्यापकांनी भेटीच्या वेळेत तो कागद शांतपणे वाचला आणि विचारले, "यात तुमचा प्रश्न कोणता?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तो आराखडा प्रदर्शनातल्या चार दालनांसारखा होता. चौघांनी आपापल्या दालनात उभे राहून माहिती द्यायची, आणि शेजारच्या दालनात काय चालले आहे याच्याशी कोणाचा काही संबंध नाही.

मग ग्रीक मित्राने सुचवले की प्रत्येकाने दुसऱ्याची परंपरा मांडावी, आणि ज्याची ती परंपरा आहे त्याने मसुदा तपासून चुका दाखवाव्यात. मला हे सुरुवातीला धाडसाचे वाटले, पण आमच्या कामाला खरी सुरुवात तिथूनच झाली. माझ्या वाट्याला बाखचे कँटाटा, म्हणजे गायकवृंद आणि वाद्यांसाठीच्या त्याच्या उपासनेतील रचना, आल्या आणि जर्मन मैत्रिणीच्या वाट्याला वारकरी कीर्तन.

मी ज्याच्यावर लिहिले तो कँटाटा क्रमांक 140, म्हणजे 25 नोव्हेंबर 1731च्या रविवारसाठी बाखने रचलेला. मध्यरात्री पहारेकरी नगराला जागे करतो, नवरदेव येत आहे, दिवे घेऊन निघा, असा त्याचा विषय आहे. फिलिप निकोलाईच्या 1599मध्ये छापलेल्या स्तोत्राची तीन कडवी त्यात सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी येतात. त्यांच्या मधल्या युगुलगीतांत जीव ही वधू आणि ख्रिस्त हा वर आहे. हे वाचताना मला ज्ञानेश्वरांच्या विरहिणी आठवल्या आणि मी त्यावर दीड पान लिहिले. मैत्रिणीने ते दीड पान आवडीने वाचले, पण माझ्या पहिल्याच वाक्यातील 'मैफल' या अर्थाच्या शब्दाखाली तिने रेघ ओढली. बाखच्या काळातील लाइपझिगमध्ये कँटाटा शुभवर्तमानाच्या वाचनानंतर आणि सुमारे तासभर चालणाऱ्या प्रवचनाच्या आधी होत असे, आणि दोन भागांचा असला तर दुसरा भाग प्रवचनानंतर. त्या रविवारचे जे वचन वाचले जाई, त्याचाच अर्थ तो उलगडत असे. तो प्रवचनाचा जोडीदार होता, आणि हे सांगितले नाही तर बाकी सगळे बरोबर असूनही चित्र चुकते, असे तिचे म्हणणे होते. ते मला पूर्ण पटले.

तिच्या मसुद्यात मला तसेच काहीतरी सापडले. तिने कीर्तनकाराला 'मुख्य गायक' आणि टाळकऱ्यांना 'साथसंगत' म्हटले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते तसेच दिसणार. मी तिला आमच्या गावातील सप्ताहाचे वर्णन सांगितले. कीर्तनकार पुढे उभे असतात, मागे टाळकऱ्यांची रांग, एका बाजूला पखवाज आणि वीणा घेतलेले विणेकरी. निरूपणासाठी अभंग एकच असतो. कीर्तनकार बोलता बोलता एका शब्दावर थांबतात आणि टाळकरी त्या शब्दाला धरून दुसऱ्याच अभंगातील प्रमाण, म्हणजे दाखल्याची ओळ, उचलतात. कधी ते प्रमाण इतके नेमके असते की कीर्तनकार स्वतः क्षणभर थांबून ते ऐकतात आणि त्यानंतरचे निरूपण त्या वाटेने नेतात. याला साथसंगत कसे म्हणावे? समोर बसलेली माणसेही विठ्ठलाच्या गजरात उभी राहतात, टाळ्या धरतात. गाणारे आणि ऐकणारे यांच्यामधली रेघ तिथे सतत हलत असते.

हे बोलत असताना मी घरून आणलेले टाळ काढले. तिने ते दोन तबकड्या एकमेकींवर आपटाव्यात तसे धरले, आणि आवाज दबून गेला. दोरी बोटांना कशी गुंडाळायची, तळहात धातूला लागू द्यायचा नाही आणि कडेवर कड किंचित तिरकी कशी आणायची, हे मी तिला दाखवले. तिसऱ्या प्रयत्नात टाळ वाजला आणि नाद लांबत गेला. वसतिगृहाच्या त्या लहान खोलीत तो फारच मोठा वाटला, म्हणून आम्ही पुढचा सराव विद्यापीठाच्या रिकाम्या वर्गात केला.

सर्वांत महत्त्वाचा आक्षेप तुर्की मैत्रिणीचा होता आणि तो शीर्षकावरच होता. कुराणाचे पठण हे संगीत नाही, त्याला 'पवित्र संगीत' या मथळ्याखाली घालू नका, असे तिने स्पष्ट सांगितले. उच्चार कोठून करायचा, स्वर किती लांबवायचा, कोठे थांबायचे, याचे तजवीद नावाचे काटेकोर शास्त्र त्यामागे आहे. ऐकणाऱ्याला त्यात सुरावट जाणवते, तरी पठण करणारा गात नसतो. तुर्कस्तानात तर पहाटेची अजान सबा या मकामात, म्हणजे ठरावीक स्वररचनेत, आणि सूर्यास्ताची सेगाह मकामात देण्याची प्रथा आहे. म्हणजे आपल्या रागांना प्रहर असतात तसा वेळ आणि सूर यांचा संबंधही तिथे आहे, आणि तरीही ती अजान आहे, गाणे नव्हे. जर्मन मैत्रिणीला हा भेद नीट उमगेना. मला मात्र तो मराठीमुळे सोपा गेला. आपण वेद म्हणतो. उदात्त, अनुदात्त, स्वरित सांभाळून ऋचा म्हणणाऱ्याला गायक म्हणत नाही, आणि सामगानाला मात्र गान म्हणतो. उलट अभंग, भजन आणि आरतीही आपण 'म्हणतो'. 'म्हणणे' या एका क्रियापदात पठण आणि गाणे दोन्ही मावतात. जर्मन भाषेत मला असा शब्द अजून सापडलेला नाही.

शीर्षक बदलले. आता ते 'उपासनेतील आवाज: कोण सुरू करतो, कोण उत्तर देतो, कोण ऐकतो' असे आहे, आणि प्राध्यापकांनी मागितलेला प्रश्नही तोच आहे. त्याच मैत्रिणीच्या सांगण्यावरून आम्ही मेव्हलिदही घेतले. सुलेमान चेलेबी यांनी 1409मध्ये रचलेले पैगंबरांच्या जन्माचे हे तुर्की काव्य घरात मूल जन्मले, कोणी गेले, तरी आजही म्हटले जाते. आमचे विद्यापीठही 1409मध्येच स्थापन झाले आहे. हा निव्वळ योगायोग आहे, पण वर्गाला तो सांगावासा वाटतो.

ग्रीक परंपरेचा भाग तुर्की मैत्रीण मांडणार आहे. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्य नसते. स्तोत्रगायक चाल गातो आणि बाकीचे एकच आधारस्वर धरून ठेवतात, त्याला इसोन म्हणतात. मित्राने सरावात तो धरला तेव्हा मला चटकन तंबोरा आठवला. फरक इतकाच की येथे तंबोऱ्याचे काम माणसाचा श्वास करतो. उत्तर देण्याचा हा प्रकार मला फार भावला: शब्द नाही, चाल नाही, केवळ पायाखालची जमीन.

पहिल्या सरावाला सत्तावन्न मिनिटे लागली. बाखचे चरित्र पूर्ण गेले, कारण या गावात ते प्रत्येक कोपऱ्यावर सापडते. माझ्या विरहिणीवरच्या दीड पानाच्या तीन ओळी राहिल्या. कीर्तनाला सहा मिनिटे उरली, म्हणून मी घरी फोन केला आणि आजोबांना विचारले की एवढ्यात काय दाखवता येईल. ते म्हणाले, "निरूपण राहू दे. एकच चरण घे, पण ध्रुपद दोनदा येऊ दे. दुसऱ्यांदा आलं की माणसं आपोआप धरतात." ध्रुपद म्हणजे अभंगात फिरून फिरून येणारी ओळ. आम्ही तेच ठेवले आहे. वर्गाला 'माझ्यामागून म्हणा' असे मी सांगणार नाही. ज्याला धरावेसे वाटेल तो धरेल. तुर्की मैत्रीण त्या वेळी गप्प राहणार आहे, आणि ती तसे वर्गाला सांगणारही आहे, कारण ऐकणे ही तिसरी भूमिका आमच्या शीर्षकातच आहे.

मधेच जर्मन मैत्रिणीने विचारले की ख्रिस्ती माणसांनी कधी अभंग रचले आहेत का. तेव्हा मी तिला रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी सांगितले. 1895मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अहमदनगर भागात मराठी भजने, अभंग आणि कीर्तने रचली. त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही रविवारी म्हटली जातात. परकीय चालींवर बसवलेल्या भाषांतरांपेक्षा आपल्या माणसांच्या ओठांवर आपल्या छंदातले शब्द हवेत, हा त्यांचा आग्रह होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. धर्मसुधारक मार्टिन लुथरनेही लोकांनी लोकांच्या भाषेत गावे म्हणूनच जर्मन स्तोत्रे रचली होती, आणि त्यांतील चार 1524मध्ये आठ गीतांच्या एका लहानशा पुस्तिकेत छापली गेली. आमच्या टिपणात या दोन ओळी आता एकाखाली एक आहेत.

क्रम ठरवताना एक अडचण येथील रीतीची होती. जर्मन विद्यापीठात सादरीकरण संपले की टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करतात. कुराणाच्या पठणानंतर लगेच ती ठकठक होऊ नये, असे आम्हा चौघांनाही वाटले. म्हणून पठण सर्वांत आधी ठेवले आहे, आणि आयत कोठेही मध्ये न तोडता पूर्ण ऐकवून लगेच आमचे बोलणे सुरू होईल. शेवटी वर्गाने निकोलाईचे स्तोत्र उभे राहून गायचे आहे. ते येथील स्तोत्रपुस्तकात 147व्या क्रमांकावर आहे आणि वर्गातील अनेकांना पाठ आहे.

मैत्रिणीच्या गावातील चर्चमध्ये भिंतीवर एक लाकडी फळी असते, तिच्यावर त्या दिवशीच्या स्तोत्रांचे क्रमांक लावतात. तशीच एक फळी तिने पुठ्ठ्याची केली आहे. काल तिने वरच्या ओळीत 147 लावले आणि मला अभंगाचा क्रमांक विचारला. गाथेच्या प्रतीप्रतींत क्रमांक वेगळे असतात आणि आमच्याकडे कोणी क्रमांक पुकारत नाही, पहिले शब्द उचलतात, असे मी सांगितले. मग तिने माझ्या वहीतून 'सुंदर ते ध्यान' ही अक्षरे एकेक करून पुठ्ठ्याच्या पट्टीवर उतरवून घेतली, आणि सर्वांत शेवटी फूटपट्टी लावून त्यांवर शिरोरेघ ओढली.