आंब्याच्या पेटीपायी

सोलापुरात मधल्या मारुतीमागच्या बोळात मामांनी हारांची टपरी टाकली, तेव्हा भांडवल काय, तर दोन बादल्या, ओलं गोणपाट आणि द्राक्षछाटणीचा एक सिकेटर. तो आजही माझ्या खिशात असतो. बोथट कात्रीनं देठ चेंगरतो, चेंगरलेला देठ पाणी ओढत नाही, एवढं शिकायला मी दोन वर्षं बोलणी खाल्ली. पुढं हार, गजरे, लग्नं, गड्डा जत्रेची गर्दी. चाललं होतं.

मग तो मे महिना. समोर एकानं काचेचं दुकान टाकलं, एसी लावला आणि आमच्या मालाला शिळा म्हणायला लागला. गुलाब दुसऱ्या दिवशी माना टाकत होते, हे खोटं नव्हतं. गिऱ्हाईक दांड्या आणून गल्ल्यावर आपटायचं. दोन कार्यालयांची कामं गेली, मामींच्या पाटल्या गहाण पडल्या. आणि माल त्याचा न् आमचा पुण्याहून एकाच गाडीतनं यायचा! पण एसीतनं आलेल्या फुलाला नावं कोण ठेवणार?

शाळेतनं निवृत्त झालेल्या एक बाई आमच्याकडं दर गुरुवारी दहा दांड्या निशिगंध न्यायच्या. पैसे सुट्टे, घासाघीस नाही. त्या आठवड्यात नातीच्या वाढदिवसाला कार्नेशनची फुलं नेली, तीही कोमेजली. रागावल्या नाहीत. “तूच येऊन बघ की रे,” म्हणाल्या.

गेलो. पाकळ्या आत वळून फुलं झोपल्यासारखी. फुलदाणी टेबलावर, टेबलाखाली गवतात पिकायला घातलेली आंब्याची पेटी, डोक्यावर पंखा. पिकत्या फळातनं इथिलीन वायू सुटतो. आंबा पिकवतो तोच फुलाला म्हातारं करतो. पाणी बुळबुळीत, त्यात पानं कुजलेली. आपल्याकडं नळच चार-पाच दिवसांनी यायचा, फुलदाणीचं पाणी रोज बदलणार कोण?

तेव्हापासून जुडी बांधता बांधता सांगतोच, कुणी विचारो न विचारो. देठ बोटभर तिरका कापा. पाण्यात बुडणारी पानं काढा. जरबेराला दोन-तीन इंचच पाणी, लवेचा देठ जास्त पाण्यात कुजतो. निशिगंधाची खालची सुकलेली फुलं खुडत जा. गुलाबानं मान टाकली तर देठ पुन्हा कापून, कागदात ताठ गुंडाळून, कोमट पाण्यात गळ्यापर्यंत तासभर उभा करा. तांब्याचं नाणं न् डोकेदुखीची गोळी पाण्यात टाकत बसू नका, पाणी बदला. जुनं पाणी कुंडीत ओता, वाया जात नाही.

गिऱ्हाईक हळूहळू परतलं. पाटल्या सुटायला तीन वर्षं लागली.

२५ मार्च २०२० ला, ऐन पाडव्याला टाळेबंदी लागली. पाडव्याचा झेंडू पोत्यांतच सडला. समोरचं शटर तेव्हा पडलं ते उघडलंच नाही. मला वाईट वाटलं, असं लिहायला हवं.

बाई अजून येतात. त्यांचे आंबे आता माळ्यावर पिकतात.