घरीच बसलं तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. विचारणारे बदलतात, प्रश्न बदलत नाही. मुलीला टाइप वन डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं, वर सिलिअ‍ॅक. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन तिच्या आतड्याला बाधतं. मग थीम पार्कची हौस हवीच कशाला? एवढं बांधाबांध करून न्यायचं, दिवसभर जीव टांगणीला लावायचा, त्यापेक्षा घरीच बसलं तर काय बिघडतं?

आजवर मी याला बरीच उत्तरं दिली. त्यातली निम्मी फक्त समोरच्याचं तोंड बंद करण्यापुरती होती. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणणाऱ्यांना तर मी फाडकन सांगते, होतं की, पण ती मुलं जगत नव्हती. माणसाला पहिलं इन्सुलिन टोचलं १९२२ च्या जानेवारीत, टोरांटोत, चौदा वर्षांच्या एका मुलाला. त्याआधी हा आजार म्हणजे दिवस मोजणं. आणि सिलिअ‍ॅकमागे गहू आहे, हे डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिलं. १९४४-४५ च्या दुष्काळात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा त्याची आजारी मुलं सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा खालावली. एवढं ऐकून समोरचा गप्प बसतो. पटतं म्हणून नव्हे, कंटाळतो म्हणून.

दुसरा ठरलेला प्रश्न, ‘एक दिवस खाल्लं थोडं तर काय होतंय?’ सांगते काय होतं. ग्लुटेन-फ्री म्हणवून घ्यायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, यावरून ‘थोडं’ म्हणजे किती ते बघा. बटाट्याच्या फ्राइजमध्ये गहू नसतो, पण ज्या तेलात आधी ब्रेडचा चुरा लावलेले तुकडे तळले, त्याच तेलात त्या तळल्या की संपलं. माझ्या मुलीला दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात. इतर सिलिअ‍ॅक मुलांचं दुखणं इथे थांबतं, आमचं इथे सुरू होतं. कारण त्या खाण्याचं इन्सुलिन तिने आधीच घेतलेलं असतं. खाल्लेलं उलटून पडतं, इन्सुलिन उलटून पडत नाही. शुगर खाली जायला लागते आणि पोटात साखरेचं पाणीही टिकत नाही. म्हणून मी अकरा वाजता, गर्दी व्हायच्या आत काउंटरवर जाते आणि तेल वेगळं आहे का, हातमोजे बदलाल का, विचारत बसते. मागच्या लोकांचे सुस्कारे ऐकू येतात. तिथे मी ‘सिलिअ‍ॅक’ म्हणत नाही, ‘ॲलर्जी’ म्हणते. ते खरं नाही, पण त्या शब्दाला लोक घाबरतात आणि आत जाऊन विचारून येतात.

बाकी तयारी तुम्ही पाहिलीच आहे, आणि तिच्यावर हसलाही आहात. इन्सुलिन बर्फाच्या पिशवीला चिकटू द्यायचं नाही, गोठलं की ते फेकायचंच. गाडीत ठेवायचं नाही. चुंबकाचे ब्रेक असलेल्या जोरदार राइडवर अंगावरचा इन्सुलिनचा पंप काढून जायचं. दिवसभर पायपीट झाली की शुगर त्याच रात्री, झोपेत पडू शकते, म्हणून दोन वाजताचा गजर. हे सगळं मला पाठ आहे. इतकं पाठ आहे की त्याचा थोडा गर्वच होता.

आता गेल्या खेपेचं सांगते. हे मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही.

धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. एका राइडला १०२ सेंटिमीटरची अट होती आणि आदल्या वेळी तो एका बोटाने कमी पडला होता. या वेळी दारातल्या पट्टीखाली उभा राहिला आणि त्याचे केस पट्टीला लागले. तिथल्या मुलीने त्याला अंगठा दाखवला. राइडवर मोठ्या बॅगा चालत नव्हत्या आणि ह्यांना गरगरतं, म्हणून बॅग घेऊन हे बाहेर बाकावर थांबले. माझ्याकडे फोन आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. बोटातून रक्त घेऊन तपासायचं मीटर बॅगेत राहिलं. लेकीच्या दंडाला शुगर मोजणारा सेन्सर असतो, दर पाच मिनिटांनी फोनवर आकडा येतो; ७० च्या खाली गेला की शुगर कमी. मीटर कशाला लागतंय, असं वाटलं.

चाळीस मिनिटं रांगेत गेली. पुढे फक्त एक खेप उरली होती तेव्हा फोन वाजला. ७१, खाली जाणारा बाण. पाच मिनिटांनी ५८, बाण सरळ खाली.

मी विचारलं, “काही होतंय का गं?”

ती म्हणाली, “नाही.”

“हात थरथरतायत?”

“नाही, आई. खरंच नाही.”

मी विश्वास ठेवला नाही. एका वाढदिवसाला हीच मुलगी, केक कापायच्या आधी उठवतील म्हणून, ‘मी बरी आहे’ म्हणाली होती आणि तिची शुगर ४९ निघाली होती. मी चार गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या आणि म्हटलं, बाहेर चला. धाकट्याला एकटं बसवता येत नव्हतं, सोबत मोठं माणूस हवं. म्हणजे दोघांनाही बाहेर काढायचं.

तो रडला नाही. त्याने रेलिंग धरलं. दोन्ही हातांनी, न बोलता. मी आधी समजावलं, मग आवाज चढवला, आणि मागची माणसं बघायला लागली तेव्हा त्याची बोटं एकेक करून सोडवली. एक सोडवलं की आधीचं परत धरायचा. करंगळी सगळ्यात शेवटी सुटली. लोकांना ‘सॉरी, सॉरी’ म्हणत आम्ही उलटे बाहेर आलो. लेक पुढे चालत होती, गोळ्या चघळत, मान खाली.

बाकावर ह्यांनी मीटर काढलं. १३४.

पाच-सहा मिनिटांत चार गोळ्यांनी ५८ चे १३४ होत नाहीत. मी तिचा दंड पाहिला, सेन्सरभोवती रेलिंगचा लाल पट्टा उमटला होता. रांगेत कंटाळून ती त्याच दंडावर रेलून उभी होती. सेन्सर दाबला गेला की आकडा खोटाच खाली दाखवतो. रात्री ती त्या कुशीवर झोपली की हे नेहमी होतं, मी अर्ध्या झोपेतही ओळखते. भर दिवसा, ती डोळ्यांसमोर उभी असताना, ओळखलं नाही.

“मी सांगितलं होतं ना,” ती म्हणाली. एवढंच. तासाभराने त्या चार गोळ्यांनी शुगर २२० च्या पुढे गेली.

आता तुम्ही म्हणाल, बरोबरच केलंस, जोखीम कशाला घ्यायची. तेव्हाची मीही हेच म्हणते. आकडा ७० च्या खाली, मीटर जवळ नाही, तर आधी साखर द्यायची. नियम तोच आहे आणि उद्या पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा गोळ्याच देईन. पण गोळ्या रांगेत उभं राहूनही देता आल्या असत्या. तिला दंड सोडून उभी राहा म्हणता आलं असतं. पुढची एक खेप सोडून, मागच्या चौघांना पुढे जाऊ देऊन पंधरा मिनिटं थांबता आलं असतं. रांगेतून बाहेर पडून परत येण्याची सोय काही पार्कांत असते, आधी विचारून ठेवावी लागते. डिस्नेने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पार्कांतली, रांगेत न थांबण्याची अपंगत्वाची सवलत मुख्यतः ऑटिझमसारख्या अडचणींपुरती केली, पण रांगेत परत येण्याचा मार्ग वेगळा ठेवला. आम्ही गेलो तिथे तशी काही सोय होती का, मी विचारलंच नव्हतं. काउंटरवर तेलाबद्दल दहा प्रश्न विचारणारी मी, हे विचारायला लाजले. खिडकीशी उभं राहून ‘माझी मुलगी आजारी आहे’ म्हणायचं माझ्या जिवावर आलं. तेलाचं विचारताना ते म्हणावं लागत नाही.

मग घरीच का बसत नाही? घरीही तोच सेन्सर आहे, तोच दंड आहे आणि तीच मी आहे. हे उत्तर मला आवडतं, पण ते पुरं खरं नाही. घरी कोणाची बोटं सोडवावी लागत नाहीत. धाकट्याला एकट्याला नेऊन आणावं, असंही तुमच्यापैकी एकीने सुचवलं होतं. मी तेव्हा तिच्यावर चिडले. नंतर दोन रात्री त्याचाच विचार करत होते, हेही खरं.

पुढच्या महिन्यात परत जायचं ठरलंय. लेकीनेच यादी केली, मीटर तिच्या स्वतःच्या कंबरपट्ट्यात. यादी दाखवायला आली तेव्हा तिने विचारलं, “या वेळी मी ‘काही होत नाहीये’ म्हटलं तर ऐकशील?”

मी म्हटलं, “मीटर असेल ना आता.”

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि यादी घेऊन आत गेली.