गोंदण पुसलं त्या दिवसापासून: आमच्या स्टुडिओची वाटचाल

बाबांनी 1978 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात फोटो स्टुडिओ काढला तेव्हा जवळ होतं काय, तर एक जुना यशिका कॅमेरा, दोन मोठे दिवे, भाड्याची दहा बाय बाराची खोली आणि एक काळा कोट. कोट खुंटीला टांगलेला असायचा. शेजारी आरसा, कंगवा, पावडरचा डबा आणि दोन टाय. खेड्यावरून एसटीने आलेला माणूस घामाघूम असायचा. तो तोंड धुवायचा, पावडर लावायचा, कोट चढवायचा. खाली धोतर असलं तरी चालायचं, कारण फोटो छातीपर्यंतच निघायचा. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर आजही तोच एक कोट आहे, वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर. माप एकालाही बसलेलं नाही.

हे आधी सांगतो, कारण फोटोत माणूस बदलायचा प्रकार कॉम्प्युटरने आणला असं लोक म्हणतात, आणि ते खरं नाही. बाबा निगेटिव्हवर रिटचिंग करायचे. कडक शिशाची पेन्सिल सँडपेपरवर घासून सुईसारखी करायची, निगेटिव्हवर रिटचिंगचं द्रव पुसायचं, म्हणजे शिसं धरतं, आणि मागून उजेड घेऊन एकेक ठिपका द्यायचा. फोटोत जो डाग काळा दिसणार तो निगेटिव्हमध्ये पारदर्शक असतो, तिथे शिसं भरलं की छापताना तो उजळतो. पुटकुळ्या, डोळ्यांखालच्या वळ्या असंच जायच्या. एका चेहऱ्याला अर्धा तास लागायचा. अर्धा तास लागतो म्हटल्यावर माणूस लागेल तेवढंच करतो. हात आपोआप आवरता राहतो. पुढे माझ्या वाट्याला जे आलं त्यात हा आवर नव्हता.

मधला रंगीत रोलचा काळ थोडक्यात सांगतो. रोल एसटीच्या पार्सलने अमरावतीला जायचे, चार दिवसांनी प्रिंट यायचे, आणि प्रिंट आले की बाबांची परीक्षा असायची. सावळे चेहरे कोळशासारखे यायचे. लोक बाबांना म्हणायचे, "आमी एवढे काळे हाओ काय जी?" बाबा गप्प राहायचे, आपला हात कमी पडला असं त्यांना वाटायचं. त्यामागचं कारण मला फार उशिरा, वाचनातून कळलं. कोडॅकने प्रिंटचे रंग जुळवायला लॅबना जे नमुना कार्ड दिलं होतं, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. तिच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर, असा हिशेब. फिल्मही तशाच कातडीला धरून बनलेली. गडद रंग नीट उतरत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली, त्यात मोठा वाटा चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांचा होता. वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांचं कार्ड 1990च्या दशकात आलं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते दुकान सोडून घरी बसले होते. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मंग त्या लोकायले मी काय सांगतलं असतं!"

मी 2003 साली बाबांच्या हाताखालून वर आलो आणि कॉम्प्युटर घेतला. फोटोशॉप 7 होतं. फोटोशॉपची पहिली आवृत्ती 1990 सालची, पण आमच्यासारख्या तालुक्याच्या स्टुडिओत ते खरं रुजलं ते या सातव्या आवृत्तीपासून. तिच्यात हीलिंग ब्रश होता. डागावर ठेवला की शेजारची कातडी तिथे येऊन बसते. बाबांच्या अर्ध्या तासाचं काम दोन मिनिटांवर आलं. पुढे पोर्ट्रेचर नावाचं प्लगइन मिळालं, त्यात एका क्लिकवर अख्खा चेहरा गुळगुळीत. लिक्विफायने गाल आत, कंबर आत. लग्नाच्या करिझ्मा अल्बमला दोनशे-अडीचशे फोटो, सगळ्यांवर एकच ॲक्शन, म्हणजे आधी नोंदवून ठेवलेले बदल, चालवायची आणि जेवायला जायचं. नवरी, नवरीची मावशी, आहेर मांडणारी म्हातारी, सगळ्यांची कातडी एकसारखी.

आणि मी दुकानाबाहेर पाटी लावली: 'फोटो गोरा व सुंदर करून मिळेल'. कॉपीमागे वीस रुपये जास्त.

त्या पाटीने धंदा वाढवला, हे मी लपवत नाही. पहिला मोठा प्रिंटर तिच्याच पैशाचा. गोरेपणाची मागणी मी निर्माण केली नव्हती. फेअर अँड लव्हली बाजारात आली 1975 साली, म्हणजे आमच्या दुकानाच्याही आधी, आणि तिच्या छोट्या पुड्या गावच्या किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी लटकायच्या. पण त्या जाहिरातीतली मुलगी दूरची होती. मी मात्र शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या मुलीचा फोटो गोरा करून तिच्याच घरात नेऊन टांगत होतो. रोज सकाळी उठून तिने तोच पाहायचा.

2011 सालची गोष्ट. वेचणी चालू होती. एक काका पुतणीला घेऊन आले, बायोडाट्याचा फोटो काढायचा म्हणून. महिनाभर उन्हात राहून पोरगी रापलेली. काका म्हणाले, "भाऊ, पोरीले जरासी गोरी करून द्या जी, स्थळ मोठं हाय." पोरगी स्टुलावर बसून होती. तिला मी काहीच विचारलं नाही, कारण पैसे काका देणार होते. दोन छटा उजळलं, कातडी गुळगुळीत केली, हनुवटी जरा निमुळती केली. फोटो सुंदर झाला. आठवड्याभराने तिचे वडील दुकानात आले, तोच फोटो त्यांनी काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, फोटो तं लय चांगला काढला तुमी." एवढंच बोलून निघून गेले. बाकीचं मला नंतर त्यांच्या गावच्या माणसाकडून कळलं. पाहुणे जीप करून आले होते, पोहे खाल्ले, आणि त्यांच्यातल्या एका बाईने सगळ्यांसमोर तो फोटो उचलून पोरीच्या तोंडाशेजारी धरला होता.

मला त्या रात्री झोप लागली नाही. पण पाटी मी तेव्हाही उतरवली नाही. लग्नसराई तोंडावर होती.

पाटी उतरली ती एका म्हातारीमुळे, आणि ती म्हातारी तेव्हा हयातही नव्हती.

आमच्याकडे हार घालायच्या फोटोचं काम फार असतं. गेलेल्या माणसाचा फोटो म्हणजे बहुतेक वेळा आधार कार्डावरचा, नाहीतर कोणाच्या लग्नातल्या ग्रुपमधला. तो कापायचा, मोठा करायचा, मागे निळं आकाश टाकायचं, आणि माणूस असला तर तयार फाइलमधला कोट चढवायचा. बाबांचा खुंटीवरचा कोट आता कॉम्प्युटरमध्ये आला होता, आणि या वेळी ज्याच्या अंगावर चढतो त्याला 'घालू का' म्हणून विचारायची सोयही नव्हती. शेतात वारलेल्या एका माणसाची बायको कोट पाहून म्हणाली होती, "त्यायनं जलमात कोट घातला नाई. दुपट्टाच राहू द्या." मी दुपट्टा ठेवला आणि पुढच्याला पुन्हा कोट घातला.

2014च्या पावसाळ्यात जवळच्या एका तांड्यावरून दोघी बहिणी आल्या. आईचा फोटो मोठा करायचा होता. हातात पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत काढलेला पोस्टकार्डाएवढा प्रिंट. डोक्यावर आरशांची ओढणी, कानांजवळ चांदी, चेहऱ्यावर जाळं पडावं तशा सुरकुत्या. मी स्कॅन केला, नेहमीची ॲक्शन चालवली, उरलेले ठिपके हीलिंग ब्रशने काढले, फ्रेम करून ठेवली. घ्यायला आल्या तेव्हा धाकटीने फ्रेम हातात घेतली, उजेडाकडे नेली, आणि काचेवरून बोट फिरवत राहिली. कपाळावर, मग हनुवटीवर. मला वाटलं काचेला डाग आहे, मी फडकं पुढे केलं. ती म्हणाली, "हे आमची माय नोय, भाऊ. गोंदन कुठं गेलं?"

कपाळाच्या मधोमध तीन ठिपके आणि हनुवटीवर एक. मी ते डाग समजून पुसले होते. प्रिंट पुन्हा पाहिला तर स्पष्ट हिरवट निळे, रांगेत, कोणीतरी सुईने वेळ घेऊन टोचलेले. थोरली सांगत होती की लहानपणी मांडीवर झोपलं की ती मायच्या हनुवटीचा ठिपका बोटाने दाबून बघायची. गोंदण मेल्यावरही सोबत जातं, बाकी सगळं इथेच राहतं, असं आमच्या भागातल्या बाया म्हणतात. ते मी दोन मिनिटांत काढलं होतं, आणि वर चांगलं काम केलं असं मला वाटत होतं.

मी स्कॅन केलेल्या फाइलवरच सगळं काम सेव्ह केलं होतं. नशिबाने मूळ प्रिंट त्यांच्याजवळ होता. पुन्हा स्कॅन केला, फक्त घडीची रेघ आणि बुरशीचे डाग काढले. सुरकुती एकही नाही. दुसऱ्या फ्रेमचे पैसे घेतले नाहीत. त्या संध्याकाळी पाटी उतरवली.

त्यानंतर दुकानात काही रिवाज बसले. पहिला, मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम कॉपीवर. दुसरा, पुटकुळी, लागलेलं, रात्रभर जागलेले डोळे, म्हणजे पंधरा दिवसांत आपसूक जाईल ते काढायचं. तीळ, वण, गोंदण, रंग, नाकाची ठेवण हे विचारल्याशिवाय नाही. आणि तिसरा, विचारायचं ते ज्याचा चेहरा आहे त्याला. या तिसऱ्या रिवाजाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. 'गोरी करा' म्हणणारी मुलगी क्वचितच भेटते. म्हणतात ते काका, आई, मोठा भाऊ, मध्यस्थ. मुलीला स्क्रीनसमोर बसवून विचारलं की ती बहुतेक वेळा आधी आईकडे पाहते, मग स्वतःकडे.

गिऱ्हाईक तुटलं. पहिल्या वर्षी बायोडाट्याचं काम निम्म्यावर आलं, कारण दोन दुकानं सोडून तेच काम होत होतं. ते परत आलं ते प्रकाशामुळे. पाटी उतरवल्यावर मला एक गोष्ट कळली: उजळायची गरज बऱ्याचदा आपण फोटो चुकीचा काढल्यामुळे पडते. पांढरा पडदा आणि पांढरा सदरा असला की कॅमेरा फसतो, एकूण उजेड जास्त आहे समजून चेहरा काळवंडून टाकतो. सावळ्या कातडीवर पावडर लावली की राखेसारखी दिसते. त्यामुळे पांढरा पडदा आता फक्त फॉर्मच्या फोटोंसाठी, एरवी मातकट करड्या रंगाचा. दिवा मोठा आणि मऊ घेतला, उजेड चेहऱ्यावरून मोजायला लागलो, पावडरचा डबा काढला आणि खोबरेल तेलाची बाटली ठेवली, बोटभर गालाच्या हाडावर. बाहेरचे फोटो उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत नाहीतर पाचनंतर, मधल्या उन्हात कोणाचाच चेहरा धड येत नाही. सावळा रंग नीट उजेडात घेतला की त्यात तांबूस आणि सोनेरी इतकं काही दिसतं की त्याला हात लावावासा वाटत नाही. लोकांनी हे पाहिलं आणि आले.

फॉर्मच्या फोटोंना तर आम्ही ब्रशच लावत नाही. भरतीला गेलेल्या आमच्या एका मुलाला हॉल तिकिटावरचा चेहरा जुळत नाही म्हणून फाटकावर तासभर उभं केलं होतं. तो गुळगुळीत फोटो माझाच होता. पासपोर्टच्या फोटोला सॉफ्टवेअरने हात लावायचा नाही असा नियमच आहे.

बाहेरही काही हललं आहे. फ्रान्समध्ये 2017पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटोवर तसं लिहावं लागतं. नॉर्वेने 2022 साली पुढे जाऊन पैसे घेऊन टाकलेल्या सोशल मीडियाच्या पोस्टनाही ते लागू केलं. आपल्याकडे जाहिरातींच्या मानक परिषदेने 2014 साली सांगितलं की सावळ्या माणसाला दुःखी किंवा मागे पडलेलं दाखवू नका. 2020 साली फेअर अँड लव्हलीच्या नावातलं 'फेअर' गेलं, आणि लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या वेबसाइटने रंगाचा फिल्टर काढला. हे मला मोलाचं वाटतं. पण हे सगळं विकणाऱ्यांसाठी आहे. काकांच्या खिशातला बायोडाटा कुठल्या कायद्यात येत नाही, तिथे दुकानदारच उरतो.

आणि आता दुकानदारही बाजूला पडतो आहे. बऱ्याच फोनचा ब्युटी मोड विकत घेतानाच चालू असतो. फोटो काढायच्या आधीच चेहरा बदललेला. आठवी-नववीच्या मुली फॉर्मचा फोटो काढायला येतात, स्क्रीनवर स्वतःला पाहतात आणि म्हणतात, "भाऊ, ही मी नाही वाटत." आरशापेक्षा त्यांची फोनशी जास्त ओळख आहे. अशा मुलीला मी दुकानातला बाबांच्या वेळचा आरसा दाखवतो, स्क्रीन शेजारी धरतो, आणि दोन्ही पाहू देतो. घाई करत नाही. ही मुलं वीस वर्षांपूर्वीच्या माझ्या पाटीची पुढची गिऱ्हाइकं आहेत असं मला वाटतं, आणि म्हणून त्यांच्याजवळ उभं राहायला मला वेळ कमी पडू नये.

दुकानात आता माझा भाचा बसतो. त्याला पहिला महिना मी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही, नुसते दिवे लावायला शिकवलं.

यंदा तुळशीच्या लग्नानंतर पहिला बायोडाटा आला तो डी.एड. झालेल्या एका मुलीचा. आई सोबत होती. नाकाशेजारी मोठा तीळ. आई म्हणाली, काढून टाका. भाच्याने स्क्रीन मुलीकडे फिरवली. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तीळ राहू द्या. डोळ्याखालचं काळं काढा, परीक्षा आहे, रात्री जागते." आई काही बोलली नाही. भाच्याने तेवढं काढलं, दहा मिनिटं लागली. चार बाय सहाच्या बारा कॉपी दिल्या आणि एक व्हॉट्सॲपवर.