ओट्यामागच्या टिकल्या

गेल्या आठवड्यात आमच्या मावशी भांडी घासता घासता थबकल्या. "ताई, ह्या भिंतीला टिकल्या कुणी लावल्या?" मी लावल्या म्हटल्यावर त्यांनी एकदा माझ्या कपाळाकडे बघितलं आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या. कॅमेऱ्यासाठी लावल्यात हे सांगायची माझी काही हिंमत झाली नाही.

तर झालं असं. मी दिवसा बँकेत आणि संध्याकाळी, जमेल तेव्हा, नाटकाच्या तालमीत. कॉलेजात असताना भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी बॅकस्टेजला राबले, तेव्हापासूनच्या मित्रमंडळींपैकी एकाने अजून नाटक सोडलेलं नाही. त्याच्या प्रयोगांचे आणि तालमींचे फोटो काढणं हे माझं खातं. पैसे मिळत नाहीत, चहा मिळतो. कॅमेरा निकॉनचा डी७२००. त्यावर दोन लेन्स: ५० एमएम एफ/१.८ जी आणि जुन्या बाजारातून घेतलेली ८५ एमएम एफ/१.८ डी. कॅमेरा गुणी आहे. पण तालमीच्या हॉलमध्ये दोन ट्यूबलाइट आणि प्रयोगात अर्धा वेळ निळा अंधार, त्यामुळे आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० च्या खाली येणं होत नाही आणि फोटोवर रवा सांडल्यासारखं दिसतं. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, क्षेत्रफळाने माझ्याहून सव्वादोन पटींपेक्षा मोठा, म्हणजे ढोबळमानाने एक स्टॉपचा, दुप्पट उजेडाइतका फायदा. तेवढ्यासाठी मन दोन वर्षं मागे लागलं होतं.

अशात सोसायटीतल्या काकांनी त्यांचा फुल फ्रेमवाला निकॉन डी७५० विकायला काढला. काका पक्ष्यांवाले. हिवाळ्यात दर रविवारी पहाटे चारला भिगवणला निघतात आणि आल्यावर लिफ्टमध्ये फ्लेमिंगो दाखवतात. ते आता मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर गेलेत. "आठवडाभर वापर, मग ठरव," म्हणाले. "फोकसची काळजी करू नकोस. तुझ्यात फोकस धरायचे ५१ पॉइंट, ह्यातही ५१. हात बसलेलाच आहे."

पहिल्याच तालमीत हात बसेना. एक मुलगी उजव्या विंगेच्या कडेला भिंतीला टेकून उभी होती. मी अंगठ्याने फोकसचा बिंदू उजवीकडे सरकवत नेला आणि तो मधेच थांबला. पुढे जाईचना. मला वाटलं लॉक पडलाय. लॉक नव्हता, बिंदूच संपले होते.

घरी येऊन ट्रायपॉड स्वयंपाकघरात लावला. आमच्या जुन्या बिल्डिंगीत ओट्यामागे त्या चार इंची पांढऱ्या टाइल्स आहेत, अगदी वरपर्यंत. ५० एमएम लावून व्ह्यूफाइंडरमध्ये आडव्या बरोबर बारा आणि उभ्या आठ टाइल्स बसवल्या. मग बिंदू चारी दिशांना नेता येईल तिथपर्यंत नेला आणि तो जिथे अडला तिथल्या टाइलवर टिकली लावली. डी७२०० साठी मरून. मग डी७५० तेवढ्याच टाइल्स बसेपर्यंत ओट्याजवळ सरकवला आणि हिरव्या टिकल्या. नवरा चहा घ्यायला आला तेव्हा मी स्टुलावर चढून टिकल्या चिकटवत होते. काही न बोलता गेला, हे त्याचं मोठेपण.

मरून टिकल्या बारापैकी नऊ टाइल्स व्यापत होत्या, उंचीत आठपैकी चार. हिरव्या? रुंदीत जेमतेम सहा, उंचीत तीनसुद्धा धड नाहीत. मधोमध एक बुटका चौकोन आणि भोवती नुसती पांढरी भिंत. बिंदू दोन्हीकडे ५१च. घर तेवढंच राहिलं, अंगण वाढलं.

ह्याचं कारण आरशात आहे. डीएसएलआरमध्ये, म्हणजे ह्या दोन्हींसारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस मुख्य सेन्सरवर होतच नाही. मोठा आरसा थोडा उजेड आरपार सोडतो, तो मागच्या छोट्या आरशावर पडून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या मॉड्यूलकडे जातो. तो छोटा आरसा किती मोठा करणार? जागा ठरलेली, आणि कडेने तिरका येणारा उजेड तिथवर पुरेसा पोचत नाही. माझ्या कॅमेऱ्यातलं मॉड्यूल आणि काकांच्यातलं एकाच घराण्यातली, मल्टी-कॅम ३५००. लहान फ्रेमवर ते ऐसपैस वाटतं, मोठ्या फ्रेमवर मधे आक्रसलेलं. कॅनननेही २०१७ मध्ये ६डी मार्क २ काढला तेव्हा लोकांनी ह्याच गोष्टीवरून नाकं मुरडली होती: ४५ बिंदू, सगळे क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे, पण सगळे मधे गर्दी करून. निकॉनच्या डी५०० आणि डी८५० मध्ये १५३ बिंदूंचं एकच मॉड्यूल आहे. डी५०० मध्ये ते जवळपास कडेपर्यंत जातं, डी८५० मध्ये नाही. डी८५० माझ्या ऐपतीबाहेरचा आहे, त्यामुळे त्याचं दुःख मी फार करत नाही.

आणखी एक. ५१ मधले क्रॉस टाइप फक्त १५, तेही मधल्या तीन उभ्या रांगांत. बाकीचे ३६ एकाच दिशेच्या रेषा ओळखतात. निळ्या अंधारात कडेच्या बिंदूवर काळा कुर्ता आला की लेन्स पुढे-मागे घुटमळत बसते, हा माझा जुनाच अनुभव. म्हणजे टिकल्यांच्या आत असलं तरी सगळी जागा सारख्या मोलाची नाही.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, मधल्या पॉइंटने लॉक कर आणि फ्रेम हलव. आम्ही रोलच्या जमान्यात दुसरं काय केलं?" बरोबर आहे त्यांचं, पण अर्धंच. त्याच आठवड्यात मेकअप रूममध्ये त्यांच्या कॅमेऱ्याला माझी ५० एमएम लावून, एफ/१.८ वर, साधारण मीटरभरावरून एका नटीचा उभा फोटो काढला. मधल्या बिंदूने डोळ्यावर लॉक केलं, कॅमेरा खाली झुकवला, क्लिक. घरी मोठा करून बघितला तर कानातली कुडी खणखणीत, तिचे मोतीसुद्धा मोजता येतील असे, आणि डोळे मऊ. कागद घेऊन बसले. त्या अंतरावर एकूण खोली, म्हणजे फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा, चार सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे फोकसच्या पातळीच्या पुढे दोन, मागे दोन. डोळा फ्रेमच्या मध्यापासून सेन्सरवर दहा मिलिमीटर दूर न्यायचा तर कॅमेरा अकरा अंश फिरतो आणि फोकसची पातळी जवळजवळ दोन सेंटीमीटर मागे जाते. सगळी शिल्लक एका झुकण्यात खर्च.

पण सहाव्या रांगेतून ८५ एमएमने काढताना हेच गणित पार बदलतं. सहा मीटरवर एफ/२ ला खोली अर्ध्या मीटरहून जास्त, आणि फ्रेम हलवल्याने होणारी चूक मोजक्या सेंटीमीटरांची. कुणाला कळणारही नाही. तिथे अडचण भूमितीची नसून नटाची असते. लॉक करून फ्रेम हलवेपर्यंत तो दोन पावलं पुढे येऊन दुसऱ्याचं वाक्य तोडत असतो. सतत फोकस चालू ठेवायचा तर बिंदू चेहऱ्यावरच राहिला पाहिजे, आणि नट पायापासून डोक्यापर्यंत उभ्या फ्रेममध्ये घेतला की चेहरा हिरव्या टिकल्यांच्या बाहेर जातो.

मग वाटलं, माझे चेहरे फ्रेममध्ये नक्की असतात तरी कुठे? बटर पेपरवर बारा बाय आठ चौकोन आखले, दोन्ही टिकल्यांच्या हद्दी पेन्सिलीने उतरवल्या, कागद लॅपटॉपच्या पडद्यावर चिकटवला. गेल्या दोन नाटकांचे ग्रुपला निवडून दिलेले साठ फोटो तेवढ्याच आकारात एकामागून एक उघडले आणि प्रत्येकातल्या मुख्य डोळ्यावर ठिपका दिला. उभे फोटो आडवे फिरवून. ह्यात एक अख्खा रविवार गेला आणि वरणाला फोडणी द्यायची राहिली.

हिरव्या हद्दीबाहेर ३१ ठिपके. तिथेच डी७५० चा निकाल लागला. पण मी बघत राहिले ती दुसरीच गोष्ट. मरून हद्दीच्या अगदी आतल्या बाजूला, डावीउजवीकडे, ठिपक्यांची दाटी झाली होती. काठाला मुंग्या लागाव्यात तशी. त्यापलीकडे विरळ. म्हणजे इतकी वर्षं मी नटाला फ्रेमच्या कडेला ठेवते असं मला वाटत होतं, तर प्रत्यक्षात शेवटचा बिंदू जिथे आहे तिथे ठेवत होते. आमचा दिग्दर्शक एकदा म्हणाला होता, "तुझ्या फोटोत माणसाभोवतीची रिकामी जागा नेहमी सारखीच का असते गं?" तेव्हा मी चिडले होते.

काकांना कॅमेरा परत केला. त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांचा फ्लेमिंगो कायम मधोमध असतो आणि बाकीचं ते कॉम्प्युटरवर कापतात, त्यामुळे त्यांना ती पांढरी भिंत कधी दिसलीच नव्हती. "तूही काप की," म्हणाले. कापता येतंच. पण डी७५० ची फ्रेम माझ्या सेन्सरएवढी कापली की उरतात दहाएक मेगापिक्सेल, आणि ज्या मोठ्या सेन्सरसाठी पैसे मोजायचे तोच कात्रीखाली जातो.

शेवटी शनिवार-रविवारसाठी निकॉनचाच मिररलेस झेड५ भाड्याने आणला. मिररलेसमध्ये फोकसचे बिंदू मुख्य सेन्सरवरच असतात, आरशाची भानगडच नाही. २७३ बिंदू, फ्रेमच्या आडव्या-उभ्या जवळपास नव्वद टक्के भागात. टाइल्सवर लावायला टिकल्यांचं नवं पाकीट काढावं लागलं. निकॉनचा डी७८० हा डीएसएलआर तर गमतीचाच: व्ह्यूफाइंडरमधून बघा, ५१ बिंदू मधे, आरसा उचलून मागच्या पडद्यावर बघा, २७३ सगळीकडे. एकाच डब्यात दोन्ही जमाने.

झेड५ ने मात्र लाड केले असं नाही. त्याचे बिंदू क्रॉस टाइप नाहीत. आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट घातलेला एक मुलगा लेव्हलवर, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्यावर बसला होता, छातीवर फोकस घेता घेता कॅमेरा वेडा झाला. कॅमेरा उभा धरला की लगेच मिळाला. समोरासमोर दोन चेहरे आले की डोळा शोधणारा चौकोन ऐन वाक्याला भलत्याच माणसावर उडी मारतो. आवाज न करणारं शटर तालमीत फार सुखाचं, पण काही एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे आले, म्हणून प्रयोगाला ते बंद ठेवावं लागेल. आणि खरी मेख ८५ ची. ती जुन्या डी जातीची, तिला स्वतःची मोटर नाही, कॅमेरा स्क्रूने तिला फिरवतो. जुन्या लेन्स झेड५ ला जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये तो स्क्रूच नाही. ५० जी मजेत चालते, ८५ हाताने फिरवायची.

तरी घेतला. सेकंडहँड, काकांच्या किमतीपेक्षा वीसेक हजार जास्त देऊन. रविवारच्या तालमीत ती विंगेतली मुलगी पुन्हा भिंतीला टेकून उभी राहिली तेव्हा मी तिला अगदी टोकाला, अकराव्या टाइलवर नेलं, आणि उरलेल्या अंधारात काही ठेवलं नाही. दिग्दर्शकाने फोटो बघून फक्त "हं" केलं. त्याचा "हं" महाग असतो.

८५ विकवत नाही. म्हणून डी७२०० वर ती आणि झेड५ वर ५०, असे दोन कॅमेरे हल्ली गळ्यात. खांदा दुखतोय. मरून टिकल्या मावशींनी घासून काढल्या, हिरव्यांचा डिंक अजून जात नाहीये.