छापलं की बरोबर, नाही छापलं की चूक

त्या सकाळी माझ्यासमोर दोन पुरावे होते आणि ते एकमेकांना खोटं पाडत होते. जीडीबी म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून आत डोकावू देणारा डीबगर. त्याचा वॉचपॉइंट, म्हणजे मेमरीतली किंमत बदलली की थांबवणारी खूण, सांगत होता की मेसेजच्या रांगेचा ‘हेड’ (पुढचा मेसेज कुठून काढायचा तो आकडा) आमच्याच फंक्शनमध्ये १७ चा १८ झाला. जीडीबी चालवायला मी लिहिलेली पायथन स्क्रिप्ट सांगत होती की फंक्शनमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना हेड तोच आहे. दोन्ही उत्तरं एकाच डीबगरची.

आमच्या सर्किट बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्यावरच चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, रांगेतला एखादा मेसेज अधूनमधून गहाळ व्हायचा. शेकडो वेळा हाताने थांबून बघणं शक्य नव्हतं, म्हणून ती स्क्रिप्ट. मेसेज काढणाऱ्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम तिथे पोचला की थांबतो. तिथे थांबलं की ‘पार्स-अँड-इव्हॅल’ या जीडीबीच्या पायथन फंक्शनने हेड घेऊन ‘आधी’ या नावात ठेवायचा. ‘फिनिश’ ही कमांड देऊन फंक्शन पुरं होऊ द्यायचं. मग ‘नंतर’ घ्यायचा आणि दोन्ही छापायचे. लॉगमध्ये प्रत्येक ओळीत जोडी सारखीच: १८, १८. खाली १९, १९. म्हणजे हेड सरकतोय, पण आमच्या फंक्शनच्या बाहेर. संशय इंटरप्ट हँडलरवर, म्हणजे हार्डवेअरने हाक दिली की मध्येच चालणाऱ्या कोडवर गेला आणि दोन दिवस मी तो कोड ओळ न् ओळ वाचून काढला. त्यात काहीच सापडलं नाही, तेव्हा कुठे वॉचपॉइंट लावला.

शेजारी बसणारा सहकारी स्क्रिप्ट वाचत होता. तो म्हणाला, “‘आधी’ घेतल्या घेतल्या एकदा छापून तर बघू.” एक ओळ वाढवली आणि लॉग सुधारला: १७, १८. ओळ काढली, पुन्हा १८, १८. परत घातली, परत बरोबर. माझ्या अंगावर काटा आला. नुसतं छापल्याने आधीच घेतलेली किंमत कशी काय बदलेल?

उत्तर जीडीबीच्या ‘व्हॅल्यू’मध्येच होतं. पायथनला मिळणारी ही व्हॅल्यू म्हणजे तयार आकडा नसतो. पत्ता आणि टाइप एवढंच तिच्याजवळ असतं. मेमरी प्रत्यक्ष वाचली जाते ती कुणी किंमत मागितली की. याला लेझी म्हणतात. त्यामागे चांगलं कारण आहे. आमचा बोर्ड सिरियल केबलवर, ११५२०० बॉडने जोडलेला होता. सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरं जातात, आणि मेमरी वाचताना एकेका बाइटसाठी दोन हेक्स अक्षरं येतात. चौसष्ट किलोबाइटच्या अ‍ॅरेचं नुसतं नाव घेतलं म्हणून तो सगळा ओढायचा ठरवला, तर दहा सेकंदांहून जास्त वेळ जाईल. ज्याने कुणी ही सोय केली, त्याच्याविषयी मला आजही आदरच वाटतो.

माझ्या स्क्रिप्टमध्ये मात्र ‘आधी’ पहिल्यांदा वाचला जात होता तो फंक्शन संपल्यावर, छापताना. तोवर मेमरीत नवा आकडा आलेला असायचा. मध्ये छापलं की वाचन लवकर व्हायचं आणि किंमत तिथेच पक्की व्हायची.

हे पडताळायला मी जीडीबीच्या सोर्समधल्या पायथनच्या टेस्ट उघडल्या. त्या डेजाग्नू या टेस्ट चालवायच्या साधनावर, टिकल भाषेत लिहिलेल्या आहेत. व्हॅल्यूच्या टेस्टमध्ये नेमकं हेच प्रकरण मांडलेलं सापडलं. ‘आर्गसी’ (प्रोग्रॅमला मिळालेल्या आर्ग्युमेंट्सची संख्या) दोनदा घ्यायचा, एकावर ‘फेच-लेझी’ चालवून तो लगेच वाचायला लावायचा, दुसरा तसाच ठेवायचा. मग प्रोग्रॅममधला आर्गसी १ चा २ करायचा. आधी वाचलेला १ दाखवतो, न वाचलेला २. त्याच टेस्टमध्ये शून्य पत्त्यावरची व्हॅल्यू घेतली आहे: घेताना काहीच तक्रार नाही, ‘इज-लेझी’ खरं म्हणतं, आणि त्यात १ मिळवायला गेलं की मेमरी एरर. कुणीतरी ही खाच आधीच ओळखून तिथे खूण करून ठेवली होती. ती काही ओळींची टेस्ट मी दोन दिवस आधी वाचायला हवी होती.

स्क्रिप्टमधली दुरुस्ती अगदी लहान होती: व्हॅल्यू हातात आली की लगेच ‘इंट’मध्ये बदलून घ्यायची, म्हणजे उरतो तो पायथनचा साधा आकडा. पण त्याआधी मी टेस्ट लिहिली. सी भाषेतला छोटा प्रोग्रॅम, त्यात एक ग्लोबल व्हेरिएबल आणि ते एकाने वाढवणारं फंक्शन. जीडीबी बॅच मोडमध्ये, म्हणजे कुणी समोर न बसता, चालवायचा आणि ‘आधी’ जुनाच राहिला का ते तपासायचं. जुन्या स्क्रिप्टवर ती फेल झाली, तशी व्हायलाच हवी होती. दुरुस्तीनंतर पास. पहिल्यांदा ती फेल झालेली बघितली नसती, तर नंतरच्या पासवर मी विश्वास ठेवला नसता.

दुपारी बोर्डावर नवी स्क्रिप्ट लावली. १७, १८. १८, १९. १९, २०. बराच वेळ सगळं सुरळीत. जुन्या लॉगमध्येही मधूनच दोनाची उडी दिसायची. ती मी इंटरप्टच्या खात्यावर टाकली होती. आता तीच उडी एका ओळीच्या आत आली: ३१, ३३. त्या कॉलमध्ये रांग पूर्ण भरलेली होती. फंक्शनमध्ये ‘रांग भरली’ची वेगळी शाखा होती; ती हेड एकदा सरकवत होती आणि खाली उतरल्यावर नेहमीची ओळ त्याला पुन्हा सरकवत होती.

सहकाऱ्याने ती ओळ स्क्रीनवर बोटाने दाखवली. संध्याकाळी पाच वाजता त्या ओळीची दुरुस्ती करणारा पॅच रिव्ह्यूला गेला, सोबत ती टेस्टही.