चहा झाला की हात खिशात

बाबांनी खर्रा (सुपारी, तंबाखू अन् चुना पन्नीत घोटून करतात तो) सोडून आता दीड वर्ष होऊन राह्यलं, पण चहाचा कप खाली ठेवला की हात अजूनही शर्टाच्या खिशातच जातो. आधी तिथं पानठेल्यावरची पन्नी असायची, आता आईनं भरून दिलेली बडीशोप अन् भाजलेली जवस. मजा म्हणजे ती पन्नीही ते आधी दोन्ही तळहातांत धरून मस्त घोटतात, मग तोंडात टाकतात. आई म्हणते, "अहो, बडीशोप हाय ते, घोटून काय तिले रंग येनार हाय?"

सोडला तो भीतीनं. डॉक्टरनं तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा म्हटलं, दोनच गेली, तोंड तेवढं उघडेचना.

मीच शहाणपणा केला, बाबा फक्त २१ दिवस काढा, सवय जाते. बाविसाव्या दिवशी चहा झाला अन् हात खिशात. "तुये एकवीस झाले, पन हाताले सांगतलं काय तुनं?" मग मी वाचत बसलो. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला निदान २१ दिवस लागतात. पुढे सांगता सांगता ते 'निदान' गळालं अन् चेहराही गळाला, उरले नुसते एकवीस. २००९ मधे लंडनच्या संशोधक फिलिपा लॅलीनं ९६ जणांना १२ आठवडे रोज ठरलेल्या वेळी, म्हणजे नाश्ता झाला की वगैरे, एक नवीन गोष्ट करायला लावली तर सवय लागायचा मधला आकडा निघाला ६६ दिवस, कोणाचे १८ तर कोणाचे २५४ (हे २५४ अर्थात आलेख पुढं ओढून, १२ आठवड्यांत इतके दिवस येतील कुठून). एखादा दिवस चुकला तरी फार बिघडत नाही हेही त्यात होतं. एका तेरवीत बाबांनी कोणाचा तरी खर्रा खाल्ला तेव्हा मी आईला हेच ऐकवलं, चुकणं वेगळं अन् खाणं वेगळं हे माहीत असून, पण घरात शांतता पाहिजे होती ना.

वावरात जाताना बंडी फाट्यावरच्या ठेल्यासमोर आली की बैलं मात्र अजून आपोआप थांबतात. ठेलेवाला हसतो, "काय काका, बैलाईनं नाई सोडला काय अजून?" बाबा काही बोलत नाहीत, कासरा हलवतात, दुसरा हात खिशात.